पूलमधला ‘थ्रो’: रेष सरळ होती, मग बॉल वाकडा का गेला?

दोन बॉल एकमेकांना चिकटून उभे आहेत. दोघांच्या मध्यांतून रेष काढली तर ती कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी मधोमध जाते. पूल खेळणाऱ्याला असं काही दिसलं की त्याचा चेहरा खुलतो. पांढऱ्याने, म्हणजे क्यूने (काठीने) मारायच्या बॉलने, पहिल्या बॉलला कुठूनही धक्का द्या, दुसरा आत जाणारच, असं सगळे सांगतात. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. मग एकदा डावाच्या शेवटी नऊ नंबरचा बॉल असाच चिकटलेला मिळाला. पांढरा थोडा उजवीकडे होता. मी निवांत, हलक्या हाताने मारलं. नऊ नंबर पॉकेटच्या डाव्या कडेवर आपटला आणि परत टेबलावर आला. समोरच्याने माझी समजूत काढली, “टेबलच वाकडं असेल.”

टेबल सरळ होतं. रेषही सरळ होती. वाकडं होतं ते माझं गृहीतक, आणि त्या गृहीतकात घर्षणाला जागाच नव्हती.

ज्या शॉटमध्ये पांढरा एका बॉलला मारतो आणि तो बॉल दुसऱ्याला पॉकेटमध्ये घालतो, त्याला कॉम्बिनेशन म्हणतात. नाइन-बॉलमध्ये तर यावर डाव फिरतो. टेबलावरच्या सर्वात लहान नंबरच्या बॉलला पहिला स्पर्श झाला आणि त्याच फटक्यात नऊ नंबर नियमाने आत गेला, की डाव जिंकला. त्यामुळे दोन नंबरने नऊ नंबर घालण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि बहुतेक वेळा अंगाशी येतो. तो का अंगाशी येतो, आणि कधी येत नाही, ते पाहू.

भूमिती इथवर बरोबर असते

दोन गुळगुळीत चेंडू आपटले की धक्का दोघांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरूनच जातो. म्हणून नेम धरताना शिकवतात, की आपटण्याच्या क्षणी पांढरा जिथे असायला हवा तिथे एक काल्पनिक बॉल ठेवा आणि त्याच्या मध्यावर नेम धरा. ही पद्धत चांगली आहे. सुरुवातीला तीच शिकावी.

पण बॉल पूर्ण गुळगुळीत नसतात. ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, फिनॉलिक रेझिनचा, आरशासारखा चकाकणारा बॉलसुद्धा दुसऱ्याला किंचित धरतोच. हा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो. तेवढ्यात पांढऱ्याचा पृष्ठभाग दुसऱ्या बॉलवर आडवा घासला गेला, तर तो त्याला आपल्याबरोबर थोडा ओढतो. गर्दीत घाईने जाणारा माणूस खांदा घासून गेला की आपणही जरा त्याच्याच दिशेने फरफटतो, तसंच. या आडव्या ओढीने बॉल मूळ रेषेपासून जितका सरकतो त्याला थ्रो म्हणतात. जड शब्द एवढा एकच लक्षात ठेवला तरी पुरे.

घासणं दोन कारणांनी होतं. पांढरा बॉलच्या कडेला लागला, म्हणजे कट असला, तर तो पुढे जाता जाता घासतो. किंवा पांढरा स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरत असला तर फिरण्यामुळे घासतो.

पण हे असून असून किती असणार?

कटमध्ये बॉल नेहमी पांढऱ्याच्या जाण्याच्या दिशेला ओढला जातो. म्हणजे तुम्हाला हवा होता त्यापेक्षा कट कमी पडतो. हलक्या हाताने मारलेल्या अर्ध्या बॉलच्या कटमध्ये, म्हणजे ३० अंशांच्या आसपास, ही ओढ चार ते पाच अंशांपर्यंत जाते.

ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण एक अंशाची चूक एक मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर होते. पाच अंशांची जवळजवळ नऊ सेंटिमीटर. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर असतं आणि त्यातून पावणेसहा सेंटिमीटरचा बॉल जायचा असतो. आता हिशोब तुम्हीच करा.

इथे घर्षणाची एक गंमत आहे. पृष्ठभाग जितक्या वेगाने घासतात तितकी पकड कमी होते. म्हणून मोठ्या कटमध्ये जोरात मारलेला बॉल कमी सरकतो आणि हळू मारलेला जास्त. “मी अगदी जपून, हळू मारलं तरी चुकलं” ही तक्रार आपण सगळ्यांनी केली आहे. हळू मारलं म्हणूनच ते चुकलं असण्याची बरीच शक्यता असते.

पांढरा पुढे लोळत असेल किंवा मागे फिरत असेल, म्हणजे फॉलो किंवा ड्रॉ असेल, तर घर्षणाचा काही भाग वर-खाली खर्च होतो आणि आडवी ओढ कमी होते. न लोळता, नुसता सरपटत जाऊन लागणारा पांढरा सर्वात जास्त ओढतो.

फिरकीचं काम: शिलाई मशीनचं रबरी चाक

शिलाई मशीनवर बॉबिन भरताना छोटं रबरी चाक मोठ्या चाकाला टेकवतात, ते आठवा. मोठं चाक एका दिशेला फिरतं, छोटं उलट दिशेला. दाते नाहीत, पट्टा नाही, सगळं काम पकडीवर. दोन बॉलमध्ये नेमकं हेच होतं, फक्त एका निमिषात.

पांढऱ्याला मध्याच्या डावीकडे मारलं की त्याला डावी फिरकी मिळते. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याचा पुढचा भाग, जो बॉलला टेकणार आहे, तो त्या वेळी डावीकडून उजवीकडे सरकत असतो. म्हणून समोरचा बॉल उजवीकडे ओढला जातो. डावी फिरकी, उजवा थ्रो. आणि रबरी चाकाच्या न्यायाने त्या बॉलला थोडी उलटी, म्हणजे उजवी, फिरकीही मिळते. ही उसनी फिरकी पुढे कॉम्बिनेशनमध्ये कामाला येते.

फिरकी वापरून कटचा थ्रो रद्दही करता येतो. बॉल डावीकडे कापायचा असेल तर पांढऱ्याला उजवी, म्हणजे कटच्या बाहेरच्या बाजूची, फिरकी द्यायची, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासण्याऐवजी दातेरी चाकासारखा लोळत जातो. अर्ध्या बॉलच्या कटसाठी यासाठी क्यूचं टोक मध्यापासून जेमतेम सहा मिलिमीटर बाजूला पुरतं. त्याहून जास्त बाजूला गेलात तर थ्रो उलट दिशेला सुरू होतो. नवशिके इथे हमखास सढळ हाताने फिरकी देतात.

बिलियर्ड्सच्या चेंडूंचं हे फिरणं-घासणं गणितात पद्धतशीर बसवणाऱ्यांत गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस हा फ्रेंच गणिती अगदी आघाडीवर होता. साल १८३५. फिरत्या पृथ्वीवरच्या वाऱ्यांना वळवणारा ‘कोरिओलिस परिणाम’ शाळेत ऐकला असेल, तोच हा.

चिकटलेले दोन बॉल

आता माझ्या नऊ नंबरकडे परत जाऊ. पांढरा उजवीकडून आला आणि पहिल्या बॉलला तिरकं, डावीकडे ढकललं. पहिला बॉल डावीकडे जाऊ पाहत होता, पण त्याच्या नाकासमोर नऊ नंबर होता. मग तो नऊ नंबरवर घासत डावीकडे निसटला आणि जाता जाता त्यालाही डावीकडे ओढून गेला.

म्हणजे नियम असा: दुसरा बॉल ज्या बाजूला सरकवायचा आहे, पहिल्याला त्या बाजूकडे ढकला. डावीकडे हवा तर पहिल्याच्या उजव्या अंगाला मारा. उजवीकडे हवा तर डाव्या.

किती सरकेल? यासाठी एक ठोकताळा आहे, आणि तो चेंडूच्या आकारातूनच निघतो. भरीव गोळ्यांची टक्कर होताना पकड सुटली नाही, तर आडव्या वेगाचा सातवा हिस्सा समोरच्याला मिळतो. म्हणून पहिल्याला जोडरेषेपासून सात अंश तिरकं ढकललं की दुसरा साधारण एक अंश सरकतो. १४ अंशांना दोन, २० अंशांना जवळपास तीन. ३० अंशांच्या पुढे मात्र पकड सुटायला लागते आणि नंतर कितीही तिरकं मारलं तरी फायदा वाढत नाही.

समजा चिकटलेली जोडी एक मीटर लांबच्या पॉकेटच्या मध्यापासून पाच सेंटिमीटर डावीकडे रोखलेली आहे. पाच सेंटिमीटर म्हणजे सुमारे तीन अंश. मग पहिल्या बॉलला डाव्या बाजूने, उजवीकडे २० अंश तिरकं ढकलायचं, फार जोर न लावता. दुसरा बॉल पॉकेटमध्ये जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की नशीब बलवत्तर.

मग यात फिरकी कुठे?

कॉम्बिनेशनमध्ये साईड, म्हणजे ही आडवी फिरकी, मारून जादू करायची हौस बऱ्याच जणांना असते, म्हणून हे स्पष्टच सांगतो. चिकटलेल्या जोडीत फिरकीचा उपयोग असतो, पण फार थोडा.

डावी फिरकी दिलेला पांढरा पहिल्याला उजवीकडे ओढतो आणि त्याला उलटी फिरकी देतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात, पण उसनी फिरकी वरचढ ठरते. म्हणून दुसरा बॉल डावीकडे जातो. एका बॉलला डावी फिरकी उजवीकडे नेते आणि जोडीतल्या दुसऱ्याला डावीकडे, अगदी तीन दातेरी चाकांच्या रांगेसारखं. पण प्रत्येक सांध्यावर गळती होते. शेवटी दुसऱ्या बॉलच्या वाट्याला जेमतेम एक अंश येतो. तेच काम पहिल्याला तिरकं ढकलून चार अंशांपर्यंत होतं. त्यामुळे पांढरा अशा जागी अडकला असेल की तिरकं मारताच येत नाही, तेव्हाच मी फिरकीकडे वळतो. एरवी ती पांढऱ्याला पुढच्या शॉटसाठी जागेवर न्यायला राखून ठेवावी.

सगळी फसवणूक फटीत आहे

या विषयातला मला सर्वात आवडणारा भाग हा, आणि याबद्दलच सर्वात कमी बोललं जातं.

दोन बॉल चिकटलेले आहेत की त्यांच्यात केसाएवढी फट आहे, हे आपण वाकून, डोळे बारीक करून बघतो. बघायलाच हवं. कारण फट आली की दुसरी एक गोष्ट सुरू होते आणि ती थ्रोच्या बरोबर उलटी असते.

पुन्हा उजवीकडून मारू. पहिला बॉल डावीकडे तिरका निघाला. मध्ये फट असेल तर दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तो थोडा डावीकडे सरकलेला असतो. म्हणजे तो दुसऱ्याला मध्यावर न लागता डाव्या अंगाला लागतो. डाव्या अंगाला लागला की दुसरा जातो उजवीकडे. घर्षण मात्र त्याला अजूनही डावीकडेच ओढतंय. फट बारीक असेल तर घर्षण जिंकतं, मोठी असेल तर भूमिती.

दोघांची बरोबरी कुठे होते? वरचा सातव्या हिश्श्याचा हिशोब इथेही लागतो, फक्त फटीमुळे आपटण्याचा कोनही थोडा वाढतो: फट बॉलच्या व्यासाच्या साधारण एक षष्ठांश झाली की दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. ५७ मिलिमीटरचा सहावा भाग म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. साध्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. एवढ्या फटीला पहिल्याला थोडं डावीकडून ढकला की उजवीकडून, दुसरा जवळपास सरळ रेषेतच जातो. ज्या ‘कुठूनही मारा, जाणारच’ शॉटबद्दल सगळे चिकटलेल्या जोडीकडे बोट दाखवतात, तो खरं तर या फटीत लपलेला आहे.

आणि फट १९ मिलिमीटर झाली तर? दुसरा बॉल उजवीकडे जवळजवळ तितकाच जातो, जितका चिकटलेला असताना डावीकडे गेला असता. शॉट तोच, हात तोच, आणि बोटभर अंतराने बॉल विरुद्ध बाजूच्या कडेवर. नुसतं ‘जवळजवळ चिकटलेत’ असं म्हणून मारणाऱ्याचं टेबल कायम वाकडं असतं ते यामुळेच.

फट मोठी असली तर

तिथे मग गणित निष्ठुर होतं. पहिल्या बॉलच्या दिशेत झालेली चूक दुसऱ्यात किती पट होते हे काढायला फटीला बॉलच्या व्यासाने भागायचं. फट एका बॉलएवढी असेल तर चूक तेवढीच राहते. अर्ध्या बॉलएवढी असेल तर निम्मी होते, म्हणजे हा सौदा फायद्याचा. पण फट ५७ सेंटिमीटर असली तर चूक दहापट. पहिला एक अंश चुकला की दुसरा दहा अंश चुकणार, आणि एक मीटरवर तो पॉकेटपासून साडेसतरा सेंटिमीटर लांब.

आता आठवा, की पहिल्या बॉलला कट असेल तर नुसता थ्रोच त्याला तीन-चार अंश हलवू शकतो. म्हणून लांबच्या कॉम्बिनेशनमध्ये थ्रो ‘वापरायचा’ विचारसुद्धा करू नये. तिथे थ्रोला घरात येऊ द्यायचं नाही एवढंच काम. पहिल्याला होईल तितकं सरळ मारता येईल असं बघावं. कट टाळता येत नसेल तर नेम थोडा पातळ, म्हणजे बॉलच्या जरा कडेकडे, धरावा किंवा वर सांगितलेली थोडीशी बाहेरची फिरकी द्यावी. आणि दुसरा बॉल पॉकेटच्या तोंडाशी नसेल तर सरळ बचावात्मक शॉट खेळावा.

तीन बॉल चिकटलेले असतील तर लोक गोंधळतात. शेवटच्या दोघांकडे बघा. शेवटचा बॉल त्या दोघांच्या जोडरेषेवर निघणार आणि त्याच्या आधीच्या बॉलला ज्या बाजूला ढकललं गेलं त्या बाजूला थोडा सरकणार.

“फिरकीने थ्रो रद्द करता येतो, मग प्रत्येक शॉटला का देऊ नये?”

हा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी, की बाजूला मारलं की पांढरा क्यूच्या रेषेत जातच नाही. डावीकडे मारलं तर निघतानाच किंचित उजवीकडे पळतो, आणि क्यू मागून जरा उचललेला असेल तर कापडावर पुढे जाता जाता पुन्हा डावीकडे वळतो. किती पळेल हे क्यूच्या पुढच्या टोकाच्या वजनावर आणि किती वळेल हे अंतरावर, वेगावर आणि कापडावर. एका अंशाचा थ्रो वाचवायला दोन नव्या चुका विकत घ्यायच्या. पांढरा जवळ असेल तर परवडतं, टेबलभर लांब असेल तर नाही.

“चांगले खेळाडू हे सगळं मोजतात थोडंच?”

नाही मोजत. त्यांच्या हाताला ते बसलेलं असतं. हजारो वेळा कट मारून त्यांचा नेम आपोआप थोडा पातळ धरला जातो, आणि विचारलं तर कित्येक जण म्हणतील की मी थ्रोचा विचार करतच नाही. त्यांचं खरंच आहे. पण त्यांनाही नव्या टेबलावर पहिले दोन-चार शॉट चाचपडावं लागतं, कारण तिथले बॉल वेगळे असतात. नुकते पुसलेले, पॉलिश केलेले बॉल कमी ओढतात. हाताच्या तेलाने आणि क्यूच्या टोकाला लावायच्या खडूच्या भुकटीने माखलेले जास्त. कधी खडूचा कण नेमका स्पर्शाच्या ठिकाणी सापडतो आणि बॉल असा काही वाकडा जातो की बघणाऱ्याला हसू येतं. स्नूकरवाले याला किक म्हणतात. त्यावर उपाय नाही. बॉल पुसत राहायचे.

खात्री करून घ्यायची असेल तर

रिकामं टेबल, तीन बॉल आणि एक पेन्सिल पुरते. दोन बॉल चिकटवून ठेवा, त्यांची रेष समोरच्या कुशनवरच्या एखाद्या खुणेकडे रोखा आणि खूण एक मीटरवर असू द्या. पांढरा जवळच उजवीकडे असा ठेवा, की सरळ, बिनफिरकीचा मारला तर तो पहिल्याला मध्यावर लागून २० अंश डावीकडे ढकलेल. हळू मारा. दुसरा बॉल खुणेच्या डावीकडे, चार-पाच सेंटिमीटरवर लागेल.

मग तीच मांडणी, पण दोन बॉलच्या मध्ये पेन्सिल आडवी धरून तेवढी फट सोडा. पेन्सिल काढा, मारा. मग दोन पेन्सिलींची फट.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका पेन्सिलीला बॉल खुणेच्या अगदी जवळ लागला आणि मला तो योगायोग वाटला. चार वेळा पुन्हा मांडला. दोन पेन्सिलींना तो उजवीकडे गेल्यावर मी क्यू ठेवून दिला आणि थोडा वेळ नुसता त्या फटीकडे बघत बसलो.